झेड अक्षाचा भार

१

सकाळी शेडचं कुलूप काढलं की वंदनाचं पहिलं काम ठरलेलं असे. चप्पल दाराशी सोडायची, पदर खोचायचा आणि मशीनच्या टेबलावरून एकदा हात फिरवायचा. रात्रीतून उंदरांनी काय उद्योग केले ते हाताला आधी कळतं, असं ती विचारणाऱ्याला सांगे. खरं कारण वेगळं होतं. त्या मशीनवर तिचा जीव होता, आणि जीव लावलेल्या वस्तूला हात लावल्याशिवाय माणसाचा दिवस सुरू होत नाही.

खामगावच्या एमआयडीसीतलं हे शेड तिच्या सासऱ्यांचं, उकंडरावांचं. घरी ट्रॅक्टर आला, गोठा रिकामा झाला, तेव्हा म्हाताऱ्यानं पुण्याकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात हे संगणकावर चालणारं, लोखंड कापायचं उभं सीएनसी मशीन उचललं. गावानं वेड्यात काढलं. पण जिनिंगवाल्यांना लागणारे बेअरिंगचे ठोकळे त्यावर असे निघू लागले की अकोल्याचे लोकही इकडे वळले. वंदनाचा नवरा भागवत शेतीत रमलेला, लोखंडाचा वास आला की त्याचं डोकं धरे. म्हणून मशीन शिकली ती सून. उकंडराव गेल्यावर शेड तिच्या एकटीच्या अंगावर आलं, आणि तिनं ते हसत घेतलं.

आखाडात मशीनचे ड्राइव्ह जळले. मोटरला कधी किती करंट द्यायचा हे ठरवणारा डबा म्हणजे ड्राइव्ह. तो गेला की धडधाकट मशीनही लुळं होऊन बसतं. त्या जुन्या बनावटीचे डबे मिळणं कधीच बंद झालेलं. बातमी लागताच मलकापूरला कापसाचा व्यापार करणारा दीर हर्षल आला आणि शेडची लांबीरुंदी डोळ्यांनीच मोजू लागला.

"वैनी, भंगारात देऊन टाका हे धूड. मी गठानी ठेवीन इथं. तुमाले बी आराम."

"मले नाई पाह्यजे आराम. नवे ड्राइव्ह टाकून चालवून दाखवीन."

"दसऱ्यापर्यंत थांबतो मंग. त्याच्या पुढं नाई." तो हे हसून बोलला, पण शेड दोघा भावांच्या नावावर होतं आणि भागवतला भावापुढं नाही म्हणता येत नसे. वंदनाला ते पक्कं ठाऊक होतं. मशीन चाललं तर शेड राहणार, नाहीतर कापसाच्या गठाणी येणार, इतका सरळ मामला होता.

२

जुन्या मशीनला नवे ड्राइव्ह बसवणारा धम्मरत्न दोन दिवसांत आला. जळगाव ते अकोला त्याचा हाच धंदा. माणूस बोलका, हातानं स्वच्छ, आणि काम सुरू करण्याआधी मशीनभोवती एक चक्कर मारणारा.

"दोन अक्ष आडवे हायेत, त्याइचं काई अवघड नाई," तो म्हणाला. "खरा सवाल झेडचा. हेड खालीवर करनारा हा अक्ष. हेडचं समदं वजन उभ्या उभ्या झेडच्या मोटरवर. ड्राइव्ह लहान निवडला तं भाराखाली दम सोडन."

मशीनचं हेड, म्हणजे कापायचं हत्यार धरणारा वरचा भाग, भरल्या अंगाच्या बैलाएवढा ऐवज. ते पेलायला मागच्या पोकळ खांबात साखळीवर तोलवजन टांगलेलं असतं, तरी काही भार मोटरवर येतोच. तो किती येतो हे पाहायला धम्मरत्ननं आपल्याकडचा चाचणीचा ड्राइव्ह जोडला. हेडखाली लाकडी ठोकळा ठेवला, ब्रेक सोडला आणि पूर्ण ताकदीतले शंभरात किती भाग लागतात ते सांगणारा ड्राइव्हवरचा लाल आकडा वाचला.

शून्य.

त्यानं डब्याला टिचकी मारली. वायरी काढून पुन्हा लावल्या. शून्यच. मग त्यानं ड्राइव्ह बंद केला, ब्रेक हातानं मोकळा ठेवला, आणि दोघंही मागे सरकून उभी राहिली. मोटर मेलेली, ब्रेक सुटलेला, हेडनं धप्पकन ठोकळ्यावर यायला हवं होतं. ते जिथल्या तिथं राहिलं. धम्मरत्ननं खालून एक बोट लावलं तर ते अलगद वर गेलं आणि थांबलं.

"लई भारी तोल हाय वैनी! असा मी पाह्यलाच नाई. लहान ड्राइव्हवर काम होते तुमचं."

वंदनाही हसली. पण तिनं हेडवर तळहात ठेवून जरा दाबलं होतं, आणि जे तिला जाणवलं ते तिनं त्याला सांगितलं नाही. हेड दबलं. मग तिनं हात काढायच्या आत ते सावकाश, तिच्या हातासकट, पुन्हा वर आलं. तोललेलं वजन दाबलं की दबून राहतं. असं परत वर येणं तिनं लहानपणी लोणारजवळच्या आपल्या माहेरी पाहिलं होतं, बैलाच्या मानेवर हात ठेवला की.

३

"खांब उघडून पाहू," ती म्हणाली.

"काऊन? चांगलं चालून राह्यलं तं."

"चांगलं काऊन चालून राह्यलं ते पाहू."

मागच्या झाकणाचे बोल्ट गंजून बसले होते. ते निघेपर्यंत दुपार झाली. खांब आतून प्रशस्त, माणूस वाकून शिरेल एवढा. धम्मरत्ननं बॅटरी मारली आणि प्रकाश सावकाश तळापर्यंत नेला. वंदनानं त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

साखळी तुटलेली होती. आजची नाही, कालची नाही. तुटलेल्या कडीचं तोंडसुद्धा गंजून गोल झालं होतं. तोलवजन खाली तळाशी पडलेलं, त्याच्यावर बोटभर धूळ. त्या धुळीत कसलाही ठसा नव्हता. हेडला मागून जोडलेली आडवी दांडी तेवढी अधांतरी होती, आणि तिच्या डाव्या टोकाशी रंग उडून लोखंड चकचकीत झालं होतं, किंचित खोलगट.

आतून वास आला. ग्रीसचा नव्हे. हळद आणि तूप.

"मार्गावर जाम असन हेड," धम्मरत्न म्हणाला. "गंजानं धरून ठेवलं असन."

"एका बोटानं वर गेलं ना भाऊ."

तरी त्यांनी सगळं करून पाहिलं. हेड ज्या मार्गावर सरकतं त्याच्या पट्ट्या सैल केल्या, जुनं ग्रीस खरवडून काढलं, हेडला खालीवर नेणाऱ्या स्क्रूचं जोडकाम सोडलं. एकेक कारण शोधायचं, तपासायचं आणि बाद करायचं. वंदनाला वाटत होतं, पुढचं कारण तरी खरं निघू दे. स्क्रू सुटल्यावर हेडला धरणारं असं मशीनमध्ये काहीही उरलं नाही, आणि हेड हवेत उभं होतं.

धम्मरत्ननं हात पुसले. "मी तुमाले खरं सांगतो वैनी. आकडा शून्य हाय तं शून्यावर ड्राइव्ह निवडू. लहान घ्या, लवकर येईन, मशीन चालू होईन. आपल्याले ठोकळे पाडाचे हायेत. अंदर कोन काय धरून राह्यलं त्याच्याशी काय देनंघेनं?"

त्याचं बोलणं चुकीचं होतं असं नाही. पण प्रत्येक ठोकळा बांधताना वंदनाचे दोन्ही हात त्या हेडखाली जात. ज्यानं ते धरलंय ते कंटाळलं तर? तिनं कागद घेतला आणि हेडचं पूर्ण वजन धरून, तोलवजन नाहीच असं मानून हिशेब मांडला. जो भार आला त्याच्या दुप्पट क्षमतेचा ड्राइव्ह आणि मोटर मागवायला तिनं सांगितलं.

"मशीनचं वजन मशीननंच उचलाव," ती म्हणाली. तिचा आवाज ठाम होता. कागदाची घडी घालून तिनं ती कमरेला खोचली.

४

सासूबाई, सोजराबाई, अंगणात बरबटीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वंदनानं त्यांच्यापुढं बसून सरळ विचारलं, "आई, मशीनच्या खांबात तूप-हळदीचा वास येते. कोनं लावली?"

सोजराबाईंचा हात थांबला नाही. "तुह्या सासऱ्यानं. मंग मी."

"काऊन पण?"

"आता काऊन म्हनजे? बैल इकले त्या सालची गोष्ट. पोळ्याचा पहिला दिवस आला, खांदमळनीचा. जल्मभर ज्या मानसानं बैलाचे खांदे मळले त्याले घरात बसवे ना. वाटी घेतली, पयसाचं पान घेतलं, गेले शेडात. मशीनलेच लावलं तूप-हळद. अन् म्हनले, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.'"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला असं जेवायचं आमंत्रण देतात, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक. वंदनाला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"मंग?"

"बैलाले आवतन देल्लं तं बैल जेवते. लोखंड कुठं जेवते बाई? पन आवतन तं तोंडातून गेलं ना. ते रिकामं जाते काय कुठं?" सोजराबाईंनी शेंग मोडली. "दुसऱ्या दिशी पुरनपोयीचं ताट ठिवलं तं संध्याकायी साफ. ह्याइले वाटलं कुत्रं असन. तवापासून मशीन हलकं चाले. हे म्हनत, खाल्ल्या अन्नाले जागून राह्यलं कोनीतरी."

"कोन?"

"मले इचारू नको. त्याइनं बी कधी झाकन उघडून पाह्यलं नाई. तू काऊन उघडलं?"

दरसाल पोळ्याच्या आदल्या दिवशी सासूबाई वाटी घेऊन शेडात येत, हे वंदनानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हाताऱ्या माणसाची सवय म्हणून तिनं कधी विचारलंही नव्हतं. आता तिला राग आला. इतकी वर्षं आपल्या हुशारीवर मशीन चालतंय असं मानत होतो, आणि खाली खांदा कुणा तिसऱ्याचाच. तो राग भीतीहून मोठा होता, आणि तिला त्याचाच आधार वाटला.

"आई, औंदा आवतन नाई द्याचं."

"उपाशी ठिवशीन त्याले?"

"जाऊ द्या त्याले आपल्या घरी. मी मोठा ड्राइव्ह सांगतला."

"त्याचं घर कोनतं हे तुले मालूम हाय काय?" सोजराबाईंनी विचारलं.

५

पार्सल मलकापूर स्टेशनवर आलं. वंदना स्वतः जाऊन ते सोडवून घेऊन आली. जुने काळे डबे भिंतीवरून उतरले, नवे बसले. धम्मरत्ननं वायरींना नंबर घातले, नवी मोटर चढवली, स्क्रू जोडला. झेडच्या ड्राइव्हवरचा लाल आकडा मात्र शून्याच्या आसपासच घुटमळत राहिला. बैलाच्या ताकदीचा ड्राइव्ह आणला होता, आणि त्याला काम म्हणून नव्हतं.

"वापस करू काय?" धम्मरत्ननं विचारलं.

"पोळा होऊ द्या."

खांदमळणीच्या दिवशी वंदना घरातून हलली नाही. सोजराबाईंनी दोनदा वाटी हातात घेतली आणि दोनदा फडताळात ठेवली. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. घरच्या पाहुण्याला दारातून परत पाठवल्यावर होतं तसं तोंड.

पोळ्याच्या दुपारी सगळं गाव बैलांच्या तोरणाकडे गेलेलं. वंदना एकटी शेडात येऊन झेडच्या आकड्यापुढं स्टूल घेऊन बसली. लांबून ढोलांचा आवाज येत होता. मध्येच ढोल थांबले, तेव्हा तिला दुसरा आवाज आला. खांबातून. बांधलेलं जनावर उभ्या उभ्या पाय बदलतं तसा. एकदा. मग बऱ्याच वेळानं पुन्हा. पत्रा तापून वाजला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. श्रावणाची अमावास्या, आभाळ भरलेलं. पत्रा तापलेला नव्हता.

मग आकडा हलला. पाच. बारा. वीस. तो सावकाश चढत होता, कुणीतरी हातातलं ओझं जपून खाली ठेवावं तसा. पन्नाशीला येऊन तो थांबला. वंदनानं कागद काढून पाहिला. तिच्या हिशेबात हेडच्या वजनाला तेवढाच आकडा होता.

गेलं. वजन मशीनचं मशीनवर आलं. वंदना त्या रिकाम्या शेडात मोठ्यानं रडली, आणि ते रडणं आनंदाचं होतं. कितीतरी दिवसांनी तिनं पोटभर श्वास घेतला.

६

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला ठोकळा लावायचा ठरला. हर्षलनं फोनवर सांगितलं होतं, मी स्वतः पाह्याले येतो. धम्मरत्न सकाळीच आला, आकडा पाहून खूश झाला. "हे झालं खरं मशीन," तो म्हणाला.

ठोकळा न लावता एक कोरा फेरा मारून झाला. हेड खाली आलं, वर गेलं. वंदनाचं लक्ष आकड्यावर होतं. पन्नास. मग पंचावन्न. हेड उभं, काही चालू नाही, आणि आकडा साठ.

"नवं ग्रीस हाय, जड पडते सुरुवातीले," धम्मरत्न म्हणाला. त्यानं हेडखालचा लाकडी ठोकळा काढला आणि दोन्ही हात आत घालून लोखंडी ठोकळा शिकंज्यात बसवू लागला.

पंचाहत्तर.

हेडच्या वजनाचा हिशेब केव्हाच संपला होता. आता जे वाढत होतं ते हेडचं नव्हतं. वंदना मागं धावली. झाकणाचे बोल्ट सैलच ठेवलेले होते. तिनं झाकण ओढून बाजूला टाकलं आणि बॅटरी मारली.

दांडीच्या डाव्या टोकाखाली एक खांदा होता. उघडा, जुन्या हळदीनं पिवळा पडलेला, घट्टा पडून काळा झालेला. त्याच्यापुढची मान वाकून अंधारात गेलेली होती. माणसाचा की जनावराचा हे ठरवायला तिला वेळ मिळाला नाही, पण तो खांदा काय करत होता हे तिला एका नजरेत कळलं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही कळलं असतं. उपाशी बैल जुवाखाली बसकण मारतो, आणि बसतो तेव्हा गळ्यातल्या पट्ट्यानं सगळं जू आपल्याबरोबर खाली ओढतो. ते कुठंही गेलं नव्हतं. ते बसलं होतं.

पुढून ड्राइव्हचा भोंगा वाजला. दुप्पट क्षमतेचा तिचा ड्राइव्ह दम सोडून बंद पडला. ब्रेकनं मोटर धरली, आणि ब्रेक करकरू लागला. दांडी तिच्या डोळ्यांदेखत खाली यायला लागली.

"भाऊ, हात काढा!"

"अडकला वैनी! शिकंज्यात बोट अडकलं माह्यं!"

जू खाली येताना दिसलं की कास्तकाराच्या घरचं माणूस विचार करत बसत नाही. आजोबा करत नव्हते, बाप करत नव्हता. वंदनाही वाकून आत शिरली आणि दांडीच्या उजव्या टोकाखाली तिनं खांदा दिला.

७

भार आला. डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि तिला वाटलं, मोडलो आपण. मग शेजारी काहीतरी हललं. बसलेला बैल मारून उठत नाही. जोडीला दुसरा उभा राहिला की उठतो. दांडीचं डावं टोक सावकाश वर आलं. वंदनाच्या गालाशी ऊन श्वास लागला, भुकेल्या पोटाचा, आंबूस. तिनं मान तिकडे वळवली नाही.

दोघांमध्ये मिळून वजन फार नव्हतं. नवल म्हणजे, ते फारच कमी होतं.

"निंगालं!" पुढून धम्मरत्न ओरडला. "बोट निंगालं वैनी, काई झालं नाई. थांबा, ड्राइव्ह चालू करतो." बटणांचा आवाज आला. "अरे! वैनी, भार उतरला समदा! काय केलं तुमी मांगं?"

वंदनानं खांदा काढून पाहिला. दांडी लगेच खाली सरकू लागली, ब्रेक करकरला. तिनं खांदा परत लावला.

हत्यार लावलेला स्पिंडल फिरू लागला. लोखंड कापलं जाण्याचा तो ओळखीचा, एकसुरी आवाज शेडभर झाला, आणि तिला ऐकू येत होतं की कापणी लोण्यासारखी होत होती. दाराशी गाडी थांबली. हर्षलचे बूट वाजले.

"अरे वा, चालते की धूड! मानलं बुवा वैनीले. कुठं हाय वैनी?"

"मांगं हायेत, खांबापाशी," धम्मरत्न म्हणाला. "पाहा हा ठोकळा, आरशावानी निंगाला. भाऊ, आता कायची गठान अन् कायचं काय! वैनी, पुढचा लावू काय?"

हाक मारायची होती. दोन माणसं हाकेच्या अंतरावर होती. ती आली असती, त्यांनी टेकू लावले असते, तिला बाहेर ओढलं असतं. आणि मग हर्षलनं त्या उघड्या खांबात एकदा पाहिलं असतं. दसऱ्याच्या आत हे मशीन भंगारवाल्याच्या ट्रकवर चढलं असतं. शेजारचा श्वास तिच्या गालाशी थांबला होता. तोही वाट पाहत असावा.

"लावा," वंदना म्हणाली, आणि तिनं पाय थोडे फाकवून नीट जागा घेतली.